यांच्यासाठी आणलेली फटफटी

८ जुलै, मंगळवार

खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी पाडव्यापासून कोरीच पडली होती. आज लिहायला घेतली, कारण घरात कुणाशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय आणि न बोलता राहणं मला जमत नाही.

मंगरूळपीरला बहिणीकडे राहून आज परत आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि सवयीनं आधी गोठ्यात गेले. गोठा झाडून स्वच्छ. गव्हाणीत काडी नाही. तांबड्या नाही, चितऱ्या नाही. दावी तेवढी गुंडाळून खुंटीला अडकवलेली.

हे ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. 'बैल कुठी हायेत?' म्हटलं.

'रिठदच्या एका शेतकऱ्याले देल्ले. चांगला माणूस हाये. वावरातच वाहायले नेले त्यानं.'

'मले इचारलं काय?'

'इचारलं असतं तं तू देऊ देल्ले असते काय?'

नसतेच दिले. म्हणूनच तर विचारायचं असतं!

म्हणे, माझा डावा गुडघा असा, यांची कंबर तशी, आता बैल हाकणार कोण? मी हाकणार. आजवर कोण हाकत होतं? लग्नाआधी बाबांच्या बैलगाडीवर मी धुरकरी, म्हणजे हाकणारी, असायचे. या गावात आले तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, की नवरा मागं बसतो आणि बायको कासरा धरते. हसल्या आणि गप्प बसल्या. गुडघ्याची वाटी फुटल्यापासून डॉक्टरांनी चिखलात चालायचं नाही म्हणून बजावलंय, गाडीत बसायचं नाही असं कुठं म्हणाले?

वर आणखी एक. 'पोळा झाला की नाल्यापलीकडचं वावर रतनसिंगले ठोक्यानं देऊन टाकू. आता तिकडे जाईन कोण?' हे इतक्या शांतपणे म्हणाले की मला आधी कळलंच नाही. त्या वावरातले गोटे मी आणि सासूबाईंनी वेचलेत. बांधावरची सीताफळं मी लावलीत. औंदा पेरणी रतनसिंगच्या ट्रॅक्टरनं झाली आणि ती मला डोळ्यांनी पाहताही आली नाही. आता ठोक्याच्या पैशात वावरही दुसराच कसणार.

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, 'आजपासून माह्यासाठी या घरात काई आणाचं नाई. लुगडं नाई, चप्पल नाई, पेपरमिंटची गोळी नाई.' मुलगा हरीओम मान खाली घालून उभा होता. सून वर्षाराणी चहा घेऊन आली होती, तो तिनं तसाच परत नेला. तो चहा मला हवा होता, पण आता मागायचा कसा?

१३ जुलै, रविवार

हरीओमनं आज टेम्पो करून एक यंत्र आणलं. चार जाड चाकं, मध्ये घोड्यासारखं खोगीर, पुढं मोटरसायकलचं हॅण्डल. क्वाड बाईक म्हणतात. त्याचा मित्र विकास चिखलदऱ्याला हौशी लोकांना असल्या गाड्यांवर बसवून डोंगरात फिरवायचा. त्यानं धंदा गुंडाळला, त्यातली ही एक. गल्लीनं लगेच नाव ठेवलं, चार चाकाची फटफटी.

'कोणासाठी रे हे?' मी विचारलं. अबोला होता, पण काही प्रश्न अबोल्यात बसत नाहीत.

हरीओमनं यांच्याकडे पाहिलं, मग वर्षाराणीकडे. 'बाबांसाठी. नाल्यापलीकडे जाले. चिखलातून आरामात जाते आई हे.'

बाबांसाठी! ज्यांना साधी सायकल वळवायला अख्खी गल्ली लागते, त्यांच्यासाठी! आणि जिचे बैल गेले तिनं ओट्यावर बसून तांदूळ निवडायचे.

बरं, आणायची तर नीट तरी आणावी. हे बसले तर यांचे गुडघे हॅण्डलला टेकले. हेल्मेट यांच्या डोक्यात शिरेना. मी रागानं ते हातात घेतलं आणि दाखवायला म्हणून घातलं, तर माझ्या अंबाड्यासकट बरोबर बसलं. इतका वेंधळा मुलगा. बापाच्या डोक्याचं माप ठाऊक नाही. पायानं गिअर टाकायची भानगड नाही, डावा पाय नुसता ठेवून द्यायचा. म्हटलं, बाबांचे तर दोन्ही पाय धड आहेत, मग हे लाड कशाला? पुढं एक जाळीची टोपली बसवून घेतलीय, त्यात विळा आणि डबा राहील म्हणे. यांनी जन्मात विळा घेतला नाही. गाडी मुळात काळी होती, ती मुद्दाम तांबडी रंगवून आणली. पैशाला पाय फुटलेत.

१६ जुलै, बुधवार

गाडी गोठ्यात उभी आहे, तांबड्याच्या जागेवर. ती तिथं उभी केली म्हणून मी सकाळी न जेवता राहिले, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे तिला हात लावत नाहीत. सोमवारी कंबर दुखत होती. काल आभाळ आलं होतं. आज म्हणाले, 'पेट्रोलचा वास डोक्यात जाते.' आणि तरी पेट्रोल मात्र भरून आणतात, रोज फडक्यानं पुसतात. किल्ली कुठं ठेवतात तर माझ्या मिठाच्या बरणीशेजारी. मी म्हटलं, तुमची वस्तू तुमच्या जागी ठेवा. उद्या ती पुन्हा तिथंच असणार, मला माहीत आहे.

२० जुलै, रविवार

आज मी बोलले आणि फसले.

सकाळी हे अंगणात गाडीभोवती दोन चकरा मारून परत आले. मला राहवलं नाही. 'बाईनं चालवली तं हिचे चाकं झिजतात काय? मले एका शब्दानं कोणी म्हटलं काय, की तू चालवून पाह्य?'

मग वर्षाराणी म्हणाली, 'आत्याबाई, चालवता काय मंग?'

असं कुणी लगेच विचारतं का? माणसाला रागावायला थोडा वेळ तरी द्यावा. पण आता मागं कसं फिरायचं? वर्षाराणी रोज स्कुटीनं अनसिंगला पतसंस्थेत कामाला जाते, तिला गाड्यांची भीती ठाऊकच नाही. तिनं मला खळ्यावर नेलं. मी निंदायला जाताना खोचते तसं लुगडं खोचलं, खालून यांचा पायजमा घातला, डोक्यावर हेल्मेट. गाडीच्या किल्लीजवळून एक लाल दोरी निघते, तिचं दुसरं टोक हरीओमनं माझ्या मनगटाला बांधलं. माणूस पडला की दोरी निघते आणि गाडी बंद होते म्हणे. म्हणजे पडणार हे धरूनच चालले होते. गाईला बांधावं तसं बांधलं मला.

'काई नाई आत्याबाई. उजव्या आंगठ्याखाली ही कळ हाये. हळूच दाबली की चालते. सोडली की थांबते.'

अंगठ्यानं! मी डोळे मिटून दाबली. गाडी निघाली. हात, पाय, दात, सगळं माझं थरथरत होतं. यंत्रच तसं आहे, हलतं. समोर तुराट्यांचा ढीग दिसला आणि मी, जशी आजवर बैलगाडी थांबवत आले तशी, दोन्ही मुठी आवळून हॅण्डल छातीशी ओढलं आणि ओरडले, 'हो! हो! होऽऽ!'

बैल असते तर जागच्या जागी उभे राहिले असते. ही उलट उधळली. मी आणखी ओढलं, ती आणखी पळाली. सरळ तुराट्यांत. काड्यांत अडकून दोरी निघाली, गाडी बंद पडली, मी वर बसलेलीच, फक्त चारी बाजूंनी तुराट्या.

हरीओम धावत आला. हे लांब उभे होते, तोंडावर हात धरून. हसत होते की घाबरले होते, कळलं नाही. घाबरले असावेत, कारण नंतर माझ्या केसांतल्या काड्या त्यांनीच काढल्या, आणि त्यांचेही हात थरथरत होते. त्यांनी तर गाडी चालवली नव्हती.

२१ जुलै, सोमवार

खांदे वर होत नाहीत. भाकरीचं पीठ मळताना ओरडले. वर्षाराणीनं तेल लावून दिलं. पुन्हा म्हणून त्या गाडीचं तोंड पाहणार नाही.

दुपारी रतनसिंग आले होते. नाल्यापलीकडच्या तांड्यावरचे, आमच्या वावराचे शेजारी, भला माणूस. यांना म्हणाले, 'भाऊ, वावराचं मंग पोळ्यानंतर पक्कं समजू ना?' हे म्हणाले, 'पाहू.' आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे काय पाहता? बैल विकताना पाहिलं होतं का?

संध्याकाळी वर्षाराणी घरी येताच तिला म्हटलं, 'येत्या रविवारी पुन्हा शिकव.'

२७ जुलै, रविवार

'आत्याबाई, हा कासरा नाई,' वर्षाराणी पुन्हा पुन्हा सांगत होती. 'ओढल्यानं हे थांबत नाई. तुमी घाबरता, मूठ आवळता, अन् आंगठा कळीवर दाबल्या जाते. भेव वाटलं की मूठ ढिली सोडाची.'

मी म्हटलं, 'मले भेव वाटत नाई.'

'नाई वाटत ना. मंग ढिली सोडा.'

सुनेनं सासूला असं बोलावं! आणि यंत्र कुणी बनवलं हे? भीती वाटली की माणूस घट्ट धरणारच. आईच्या कडेवरचं लेकरूही धरतं. ज्या शहाण्यानं घट्ट धरलं की पळणारी गाडी काढली, त्यानं उभ्या आयुष्यात बैल पाहिला नसेल.

पण सोडली. तीनदा तुराट्यांपर्यंत गेले आणि तीनदा त्यांच्या आधी थांबले. खळ्याला गोल चक्कर मारली. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवायचं असं वर्षाराणी सांगणार होती, पण मी ते आधीच केलं होतं. उताराच्या वाटेनं बैलगाडी नेणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही. तिनं टाळ्या वाजवल्या. खळ्याच्या बांधावर अर्धं गाव जमलं होतं. बघत काय होते, दुसरी कामं नाहीत का लोकांना?

५ ऑगस्ट, मंगळवार

आज खरं लिहिते. इथं नाही लिहिलं तर कुठं लिहू?

दुपारी घरी कुणी नव्हतं. किल्ली मिठाच्या बरणीशेजारी होतीच. एकटीच निघाले. पांदणीनं नाल्यापर्यंत नीट गेले. चिखल होता, चाकं रुतली नाहीत. मनात म्हटलं, वैजयंते, तुला येतं. आणि नाल्याच्या उतारावर आले आणि खाली ते दगड दिसले.

मागच्या वर्षी मी त्याच दगडांवरून घसरले होते. बैल पाणी पीत होते म्हणून मी खाली उतरले आणि पाय गेला. रतनसिंगच्या गोमतीबाईंनी पाहिलं तोवर मी एक पाय पाण्यात अशी पडून होते, आणि तांबड्या माझ्याजवळून हलला नव्हता. ते सगळं एकदम अंगावर आलं. गाडी चालू, मी वर बसलेली, आणि अंगठा कळीवर ठेवायची हिंमत होईना. पलीकडे माझं सोयाबीन दिसत होतं, नुसतं वरवरचं हिरवं. मला भीती वाटते. पडायची, पुन्हा मोडायची, खाटेवर पडून दुसऱ्याच्या हातून पाणी मागायची.

परत फिरले. हे दारातच उभे होते, कधी आले कोण जाणे. मी म्हटलं, पेट्रोल संपत आलं होतं. यांनी झाकण उघडून पाहिलं, टाकी अर्धी होती. काही बोलले नाहीत. मला त्याचाच राग आला. बोलायला हवं होतं, म्हणजे मला भांडता तरी आलं असतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी गोमतीबाईंचा फोन आला. 'वैजयंतीबाई, तुमच्या वावरात रोही घुसले व! कळपच्या कळप. आमचे हे तं वाशीमले गेले.'

नीलगाईंचा कळप शिरला म्हणजे वावर साफ. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, 'जाऊ दे. तसंही पोळ्यानंतर द्याचंच हाये वावर. खाऊ दे काय खातात थे.'

खाऊ दे! माझं उभं सोयाबीन! माझ्या अंगाचा असा संताप झाला की मी भाकरी तव्यावर टाकून उठले. किल्ली घेतली, हेल्मेट घातलं, लुगडं खोचलं. हे म्हणाले, 'थांब, मी येतो.' म्हटलं, वर्षाराणीनं डबलसीट बसायला मना केलंय. ऐकतील तर ना. माझ्या मागं येऊन बसले आणि दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी धरली नव्हती. भर गावातून!

नाला आला. उतार उतरले. दगड होते तिथंच होते. मूठ आवळायला लागली. मी मोठ्यानं म्हणाले, 'ढिली! ढिली सोड!' यांना वाटलं मी कंबर सोडायला सांगतेय, त्यांनी आणखी घट्ट धरलं. पाण्यातून गेले. चाकं दगडावर चढली, उतरली. आणि पलीकडच्या चढावर गाडी अर्ध्यात आली तसं पुढचं तोंड हलकं झालं. ते मी ओळखलं. मागं ओझं जास्त झालं की बैलगाडी चढावर अशीच होते, तिला आम्ही उलार होणं म्हणतो. आणखी थोडं वर गेलं असतं तर दोघेही उताणे नाल्यात.

'उतरा!' मी ओरडले. 'गाडी उलार झाली! उडी मारा!'

'अवं पाणी हाये!'

'उतरा म्हणते ना!'

उतरले. बदाककन् आवाज आला. मी छाती हॅण्डलवर टेकवली, सगळं अंग पुढं टाकलं, आणि अंगठा हळूच, अगदी हळूच दाबला. गाडीचं तोंड खाली बसलं. मग चारी चाकांनी माती धरली आणि मी वर आले.

फटफटीचा आवाज ऐकून रोही कधीच पळाले होते. एक कोपरा खाल्ला, बाकी सोयाबीन उभं होतं, माझ्या कमरेएवढं, शेंगा धरायला लागलेलं. पेरणीनंतर मी ते आज पहिल्यांदा जवळून पाहिलं. गाडीवरून उतरले, बांधावर बसले आणि रडले. खूप रडले. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

हे बऱ्याच वेळानं आले, ओलेचिंब, एका पायात चप्पल. दुसरी वाहून गेली. माझ्याजवळ बसले. मी म्हटलं, घरी जाऊन पुसा अंग, सर्दी होईल. म्हणाले, 'होऊ दे.' आणि हसत बसले. या माणसाला कशाचं काही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

हरीओमला स्पष्ट सांगितलं, ती गाडी आता मी ठेवणार, बाबांना हवी तर दुसरी आण. त्यांच्या मापाची ती नाहीच. तो खो खो हसत सुटला, वर्षाराणी आत पळाली आणि आतून तिचंही हसू ऐकू आलं. बापाची वस्तू आईनं बळकावली याचं पोराला काही वाटत नाही. कसले दिवस आलेत.

खांदे अजून दुखतात. मूठ सुटली पण खांदे अजून आवळलेलेच राहतात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज खांदशेकणी. गावात ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांच्याकडे संध्याकाळी लोणी-हळद गरम झाली, पळसाच्या पानांनी बैलांचे खांदे शेकले गेले. वास आमच्या ओट्यापर्यंत येत होता. आमचा गोठा बैलांविना पहिल्यांदाच. मी पुरणाची डाळ निवडत बसले आणि कुणाशी बोलले नाही.

रतनसिंग आले. 'भाऊ, मंग वावराचं काय ठरलं?'

मी बोलायची तयारीच करून ठेवली होती. गोट्यांपासून सीताफळांपर्यंत सगळं बोलणार होते. पण हे सुपारी कातरता कातरता म्हणाले, 'मले काय इचारता? तिले इचारा. वावर तिचं हाये.'

रतनसिंग माझ्याकडे वळले. 'बोला भाभी.'

'नाई देत,' मी म्हणाले.

'मले वाटलंच,' ते हसले. 'त्या दिवशी भाऊ नाल्यात चप्पल हुडकत होते म्हणून गोमतीनं सांगतलं, तवाच समजलो.' चहा पिऊन गेले. माझं सगळं भाषण तसंच राहिलं. इतक्या दिवसांचं मनात साठवलेलं, आणि एका शब्दात काम झालं. असं करतात का?

मग हे आतून एक वाटी घेऊन आले. गरम लोणी, हळद, दोन पळसाची पानं. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. 'आता गाडीले लावता काय थे?'

'गाडीले खांदे असतात काय?' म्हणाले आणि माझ्या मागं बसले. लुगड्याचा पदर बाजूला केला, पान वाटीत बुडवलं आणि माझ्या खांद्यावर टेकवलं. चटका बसला, मग बरं वाटलं. मग दुसरा खांदा. आणि बैलाला म्हणतात तसं हळूच म्हणाले, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'

'मी काय बैल हाओ?' मी ओरडले. शेजारच्या ओट्यावर चतुराबाई बसल्या होत्या, त्यांनी पाहिलं असणार.

हे शेकत राहिले. मग म्हणाले, 'बैल देल्ले तवा तुले इचारलं नाई. चुकलं माहं.' मागं होते, तोंड दिसलं नाही.

मी वळून पाहिलं नाही. डोळे पुसायला हात हवे होते आणि हातांना डाळीचं पीठ लागलं होतं.

आवतन तर दिलं. मोठ्या थाटात दिलं. पण उद्याच्या पोळ्या मलाच लाटायच्या आहेत, हे त्या आवतन देणाऱ्याला कुणी सांगितलंय का?